पण तिला कुणी विचारलं का?

दोस्तांनो, मालिकेचा भाग संपला की टीव्ही बंद होतो, पण खरी मजा त्यानंतरच सुरू होते, हो ना? "त्याने असं करायलाच नको होतं!" "का नको? मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं!" मग जेवणाच्या ताटावर, शाळेच्या बसमध्ये, क्लासच्या पायऱ्यांवर सरळ दोन तट पडतात. घरातली मोठी माणसं कपाळाला हात लावून म्हणतात, "अरे, खोट्या माणसांसाठी कसले भांडताय?"

भांडू द्या की! माणसं खोटी असली तरी त्यांच्यापुढचे प्रश्न खोटे नसतात. आज आपण अशाच एका मालिकेबद्दल आणि तिच्या चाहत्यांमध्ये अजूनही चालणाऱ्या वादाबद्दल गप्पा मारू या.

मालिकेचं नाव 'ग्ली'. अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर २००९ ते २०१५ अशी सहा पर्वं ती चालली. एकूण १२१ भाग. रायन मर्फी, ब्रॅड फॅल्चक आणि इयान ब्रेनन या तिघांनी ती निर्माण केली. 'ग्ली' म्हणजे आनंद. पण अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये अनेक आवाजांत मिळून गायच्या एका गीतप्रकाराचंही हेच नाव होतं. त्यावरून शाळा-कॉलेजातल्या गाणाऱ्या मंडळाला 'ग्ली क्लब' म्हणायची पद्धत पडली.

गोष्ट घडते ओहायो राज्यातल्या लायमा गावात. (पेरू देशाची राजधानी ती लीमा, आणि हे लायमा. स्पेलिंग एकच, बरं का!) तिथल्या मॅकिन्ली हायस्कूलमध्ये स्पॅनिश शिकवणारे शूस्टर सर बंद पडत आलेला ग्ली क्लब पुन्हा उभा करतात. क्लबात येतात कोण, तर शाळेने बाजूला टाकलेली मुलं. शाळेतली दांडगट पोरं त्यांच्या तोंडावर 'स्लशी' फेकतात. स्लशी म्हणजे बर्फाचं रंगीत सरबत, आपल्या गोळ्याचं पातळ भावंडच म्हणा ना! तोंड पुसायचं आणि परत गायला उभं राहायचं, असा हा क्लब.

गाण्यांचं तर विचारूच नका. बिलबोर्डच्या 'हॉट हंड्रेड' या प्रसिद्ध यादीत एल्व्हिस प्रेस्लीची १०८ गाणी झळकली होती. २०११ मध्ये 'ग्ली'च्या संचाने तो आकडा मागे टाकला! पण गाणी ऐकून लोक खूश व्हायचे आणि पात्रांच्या वागण्यावरून लगेच हमरीतुमरीवर यायचे. यातले चार प्रसंग मी तुमच्यापुढे ठेवते. प्रत्येक वेळी तुम्ही मनाशी ठरवा: बरोबर की चूक?

पहिला प्रसंग: मुद्दाम चुकवलेला सूर

कर्ट हमेल हा क्लबातला नाजूक, नीटनेटका, उंच आवाजाचा मुलगा. त्याची आई तो आठ वर्षांचा असतानाच गेली. वडील बर्ट गाड्या दुरुस्तीचं गॅरेज चालवतात. आपल्याला मुली नव्हे, मुलगे आवडतात, हे कर्टने नुकतंच वडिलांना सांगितलंय. आणि वडिलांनीही त्याला जवळच केलंय.

'विकेड' या संगीतनाटकातलं 'डिफाइंग ग्रॅव्हिटी' हे गाणं कर्टला गायचंय. पण ते गाणं मुलीचं, म्हणून सर ते रेचलला देतात. बर्टला हे कळतं. तो तडक शाळेत जातो आणि मुलाला संधी मिळवून देतो. ठरतं असं की दोघांनीही गाऊन दाखवायचं.

मधल्या काळात गॅरेजमध्ये एक निनावी फोन येतो. फोनवरचा माणूस कर्टबद्दल एक घाणेरडा शब्द वापरतो आणि फोन ठेवतो. बर्टचा चेहरा पडतो, आणि ते कर्टच्या नजरेतून सुटत नाही.

चाचणीच्या दिवशी गाण्यातला सर्वांत वरचा सूर येतो आणि कर्टचा आवाज फाटतो. गाणं रेचलला मिळतं. नंतर कर्ट वडिलांना सांगतो की तो सूर त्याने मुद्दाम चुकवला. गाणं मिळालं असतं तर असे फोन वाढले असते, आणि वडिलांना झालेला त्रास त्याला बघवत नव्हता.

एक तट म्हणतो, "किती मोठ्या मनाचा मुलगा!" दुसरा म्हणतो, "म्हणजे फोन करणारा तो भेकड जिंकला की!" यामागची खरी हकीकतही ऐका. कर्ट झालेल्या ख्रिस कोल्फरला शाळेत असताना हेच गाणं गायचं होतं, पण 'तू मुलगा आहेस' म्हणून त्याला ते गाऊ दिलं नव्हतं. त्यावरूनच हा प्रसंग लिहिला गेला.

दुसरा प्रसंग: अर्धी भूमिका नको!

मर्सिडीज जोन्स हिचा आवाज म्हणजे तोफच. पण क्लबात मुख्य गाणं बहुतेक वेळा रेचलकडे जायचं. अनेक चाहत्यांची तक्रार होती की या काळ्या मुलीला गाण्याच्या शेवटी एक उंच तान देऊन बोळवलं जातं.

तिसऱ्या पर्वात, म्हणजे २०११ मध्ये, शाळेत 'वेस्ट साइड स्टोरी' हे संगीतनाटक बसवायचं ठरतं. मारियाच्या भूमिकेसाठी रेचल आणि मर्सिडीज दोघी उत्तम गातात. निवड करणाऱ्यांना काही ठरवता येत नाही. मग ते तोडगा काढतात: काही प्रयोग हिचे, काही तिचे.

मर्सिडीज सरळ नाही म्हणते. आपण जास्त चांगलं गायलो, याची तिला खात्री आहे. ती भूमिकाही सोडते आणि क्लबही. शेल्बी कोर्कोरन हिने शाळेत नवा गानसंच काढलेला असतो, त्यात ती जाते.

"हट्टीपणा!" असं एक तट म्हणतो. "निम्मी भाकरी तरी मिळत होती ना? आणि सरांनी एवढं केलं, त्यांना सोडून जायचं?" दुसरा तट म्हणतो, "दोन वर्षं निम्मीच भाकरी खात होती ती! एकदा तरी ताट सरकवून उठायला नको का?" पुढे स्पर्धेत हा नवा संच हरतो आणि मुली जुन्या क्लबात परत येतात. पण एका अटीवर: प्रत्येक स्पर्धेत एक गाणं त्यांचं स्वतःचं.

तिसरा प्रसंग: मैत्रिणीने भरलेली मतपेटी

त्याच पर्वात कर्ट विद्यार्थी-अध्यक्षाची निवडणूक लढवतो. न्यूयॉर्कच्या 'नायाडा' या (मालिकेतल्या काल्पनिक) नाट्यसंस्थेत प्रवेश मिळवायचा, तर अर्जात असं काहीतरी भारदस्त हवं ना! रेचललाही तिथेच जायचंय. आपण दोघं मिळून जाऊ, हे त्यांचं स्वप्न.

मतमोजणी होते आणि गोंधळ उडतो. कर्टला इतकी मतं मिळालेली असतात की काहीतरी काळंबेरं आहे हे उघडच दिसतं. मुख्याध्यापकांना संशय येतो तो कर्टचाच. तो बिचारा शपथा घेतोय, पण विश्वास कोण ठेवणार?

खोटी मतं टाकलेली असतात रेचलने. कर्टसाठी! शेवटी ती कबूल करते. आठवडाभर शाळेतून निलंबन होतं आणि क्लबच्या स्पर्धेलाही ती मुकते.

इथे फारसे तट पडत नाहीत. लबाडी ती लबाडीच. पण एक गोष्ट बघा. रेचलचा हेतू वाईट होता का? मुळीच नाही. जिवाभावाच्या मित्राला ती मदत करत होती. तरीही चोर ठरायची पाळी आली ती मित्रावर. कारण हे सगळं करताना तिने त्याला एका शब्दानेही विचारलं नव्हतं.

चौथा प्रसंग: रेल्वे स्टेशन

आता सगळ्यांत मोठा वाद. तिसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग, मे २०१२.

रेचल आणि फिन यांचं लग्न ठरलंय. हो, बारावी संपता संपताच! रेचलला नायाडात प्रवेश मिळालाय. फिनला आणि कर्टला मात्र आपापल्या संस्थांतून नकार आलेत. रेचल ठरवते की आपण प्रवेश एक वर्ष पुढे ढकलायचा, गावातच राहायचं आणि पुढच्या वर्षी सगळ्यांनी मिळून जायचं.

लग्नाला निघालो, असं समजून ती फिनच्या गाडीत बसते. गाडी थांबते रेल्वे स्टेशनवर. फिन सांगतो की लग्न होणार नाही, तू आजच न्यूयॉर्कला जायचंस, आणि मी लष्करात भरती होतोय. रेचल गाडीतच रडू लागते. बाहेर निरोप द्यायला तिचे दोन्ही वडील आणि क्लबातली सगळी मंडळी हजर! (रेचलला दोन वडील आहेत.) म्हणजे बेत सगळ्यांना ठाऊक होता. ठाऊक नव्हता तो फक्त जिला जायचं होतं तिला.

ती गाडीत चढते. न्यूयॉर्कला पोचते. आणि चाहते आपापसांत जुंपतात!

"यालाच प्रेम म्हणतात," एक तट सांगतो. "स्वतःचं काळीज तोडून त्याने तिला मोकळं केलं. तो गप्प बसला असता तर ती गावातच कुजली असती." दुसरा तट विचारतो, "पण तिला कुणी विचारलं का? ती काय पार्सल आहे, पत्ता लिहून गाडीत चढवायला?"

आता या चारही प्रसंगांना आपण एकच प्रश्न लावून बघू. 'बरोबर की चूक' हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा. आधी विचारा: हा निर्णय होता कोणाचा?

मर्सिडीजचं सोपं आहे. भूमिका घ्यायची की नाही, क्लबात राहायचं की नाही, हे सर्वस्वी तिचं. तुम्ही तिला हट्टी म्हणा, पण तिने दुसऱ्या कुणाचं काही हिसकावलं नाही. रेचलने मात्र मतपेटीला हात घातला तेव्हा ती कर्टच्या निवडणुकीत, कर्टच्या नावाशी खेळली. सगळ्या शाळेच्या मतांशी खेळली, ते वेगळंच.

कर्टचं थोडं अवघड आहे. सूर त्याचा, गळा त्याचा, तेव्हा चुकवायचा हक्कही त्याचाच. पण जरा खोल जा. तो सूर त्याने चुकवला वडिलांसाठी. आणि वडील तर शाळेशी भांडून ती संधी घेऊन आले होते! सूर चुकवण्याआधी कर्टने त्यांना विचारलं असतं, तर ते काय म्हणाले असते? 'बाबांना सोसणार नाही' हे कर्टने एकट्यानेच ठरवून टाकलं. आपणही घरी असंच करतो ना? 'आईला वाईट वाटेल' म्हणून सहलीचं पत्रक दप्तरातच ठेवतो, आणि आईला शेवटपर्यंत काही कळतच नाही.

आणि फिन? इथे मला वाटतं, दोन्ही तट अर्धे अर्धे बरोबर आहेत. कारण फिनने एक नाही, दोन निर्णय घेतले. 'मी आत्ता लग्न करणार नाही' हा पहिला. तो त्याचा होता. लग्नाला दोघांचा होकार लागतो, नकार मात्र एकाचाही पुरतो. त्याबद्दल त्याला कुणी दोष देऊ नये. पण 'तू आज, या गाडीने, न्यूयॉर्कला जायचंस' हा दुसरा. तो रेचलचा होता. पहिला निर्णय सांगून तो थांबला असता, तर रेचलला रडायला, रागवायला, विचार करायला दोन दिवस मिळाले असते. कदाचित ती तरीही गेली असती! पण मग ती आपल्या पायांनी गेली असती.

"अहो, पण शेवटी चांगलंच झालं ना!" कुणीतरी म्हणेलच. खरंय. पुढे रेचल ब्रॉडवेवर नायिका होते. शेवटच्या भागात तिला टोनी पुरस्कारही मिळतो. पण शेवट गोड झाला म्हणजे मधलं सगळं गोड ठरतं का? डोळे मिटून रस्ता ओलांडला आणि पलीकडे सुखरूप पोचलो, म्हणून डोळे मिटून रस्ता ओलांडणं बरोबर ठरत नाही! शिवाय ज्या क्षणी निर्णय घ्यायचा असतो, त्या क्षणी शेवट कुणालाच माहीत नसतो. फिनलाही नव्हता. मालिकेनेही फिनला सोडलेलं नाही. चौथ्या पर्वात दिसतं की तो चार महिने रेचलशी बोलतही नाही, आणि भेट होते तेव्हा नातं तुटायला आलेलं असतं. भल्यासाठी का होईना, एखाद्याला वगळून निर्णय घेतला की अंतर पडतं ते पडतंच.

मोठ्या माणसांचंही असंच आहे. याच मालिकेतला माइक चँग नाचात पटाईत. रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्याला 'ए मायनस' मिळतो आणि वडील संतापतात: नाच बंद, क्लब बंद! वडिलांचा हेतू वाईट नाही. मुलाने मोठं व्हावं एवढंच त्यांना वाटतं. माइक नाचतो आहे हे आईला कळतं तेव्हा वाटतं, आता हीसुद्धा रागावणार. पण ती सांगते की तिलाही लहानपणी नाचायचं होतं आणि घरच्यांमुळे ते राहून गेलं. पुढे वडील स्वतः स्पर्धेत मुलाचा नाच बघायला येतात आणि त्यांचंही मन वळतं. पण लक्षात घ्या, माइक तोवर लपूनछपून नाचत होता. घरात बोलणं झालं, तेव्हाच गाडी पुढे सरकली. दहावीनंतर कुठली शाखा, हा प्रश्न ज्यांच्या घरात आत्ता तापलाय, त्यांना मी यापेक्षा जास्त काय सांगू?

आता वाद घालताना एक गंमत विसरू नका. पात्रं स्वतः काहीच ठरवत नाहीत! ठरवतो तो लेखक. ते स्टेशनच घ्या ना. खऱ्या लायमा गावातली प्रवासी रेल्वे १९९० मध्येच बंद झाली. पण निरोप म्हटला की फलाट हवा, हलणारी गाडी हवी, खिडकीतला चेहरा हवा. म्हणून लेखकांनी गाडी आणली! दोन दिवस घरात बसून शांतपणे बोलणारे फिन आणि रेचल जास्त शहाणे दिसले असते, पण पर्वाच्या शेवटी डोळ्यांतून पाणी काढायचं तर ते उपयोगाचे नव्हते.

आणि कधी कधी लेखकाच्याही हातात काही राहत नाही. फिनचं काम करणारा कोरी मॉन्टीथ १३ जुलै २०१३ रोजी वारला. अवघा ३१ वर्षांचा होता तो. त्यामुळे फिनलाही मालिकेतून निरोप द्यावा लागला. फिन शिक्षक झालेला असेल आणि रेचल त्याच्याकडे परत येईल, असा शेवट मनात होता, असं रायन मर्फीने नंतर सांगितलं. तो शेवट कधीच झाला नाही. फिनचं चुकलं की बरोबर, याचा हिशेब त्या दोघांनीच समोरासमोर बसून करायला हवा होता, आणि तेवढंच राहून गेलं.

म्हणून वाद जरूर घाला, पण पात्राशी घाला. काम करणाऱ्या नटनटीला नावं ठेवू नका. त्यांनी लिहिलेलं वठवलं, एवढंच. आणि समोरच्या तटातल्या मैत्रिणीशी बोलणं तर मुळीच बंद करू नका. आणखी एक: 'आपलं ते बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं' असं करू नका. आपल्या आवडत्या पात्राने मतपेटी भरली की 'मैत्रीसाठी केलं', आणि नावडतीने भरली की 'लबाड'! हे चालायचं नाही. माप एकच हवं.

तर या आठवड्याचा उद्योग. तुम्ही बघत असलेल्या कुठल्याही मालिकेतला किंवा वाचलेल्या गोष्टीतला एक निर्णय निवडा, ज्यावरून तुमचं कुणाशी तरी जोरदार वाजलंय. मग कागदाच्या एका बाजूला तुमची नव्हे, समोरच्याची बाजू लिहा. अगदी मनापासून लिहा, त्याला स्वतःला वाचून पटेल अशी! दुसऱ्या बाजूला फक्त दोन प्रश्नांची उत्तरं लिहा: निर्णय कोणाचा होता? आणि ज्याचा होता, त्याला विचारलं का?

कागद भरला की मला पाठवा. आणि जमलं तर याच आठवड्यात एक गोष्ट प्रत्यक्षही करून बघा. तुमच्या धाकट्या भावासाठी, मैत्रिणीसाठी किंवा आजीसाठी 'तिच्या भल्याचं' असं काहीतरी तुम्ही परस्पर ठरवून टाकलं असेल. तिच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा, "तुला काय वाटतं?" उत्तर भलतंच येईल कदाचित. तेही लिहून कळवा!